रेम्ब्रांटची सुई आणि रेम्ब्रांटचा कुंचला

रेषावळ

डच चित्रकलेवर इथे अधूनमधून बोलणं होतं, पण गाडी बहुतेक वेळा रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' आणि व्हर्मीरच्या मोतीवाल्या मुलीपाशी थांबते. आज मला तांब्याच्या पत्र्याबद्दल लिहायचंय. रेम्ब्रांटने (१६०६–१६६९) आयुष्यात सुमारे ३०० एचिंग केली, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा खोदून त्यावरून कागदावर छापलेली चित्रं. त्याच्या हयातीतच त्याचं नाव इटली-फ्रान्सपर्यंत पोचलं होतं, ते मुख्यतः या कागदांमुळे. मोठं तैलचित्र ज्याच्या भिंतीवर लागलं त्याचं झालं. एचिंगचे ठसे मात्र व्यापाऱ्यांच्या गठ्ठ्यांतून शहरोशहरी गेले.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. रेम्ब्रांट तांब्यावर रंगवत होता आणि कॅनव्हासवर कोरत होता. एक काम पाहिल्याशिवाय दुसरं पुरतं कळत नाही. तरी आपल्याकडच्या पुस्तकांत एचिंगला शेवटची दोन पानं मिळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये त्याचं १६२८ च्या सुमाराचं आत्मचित्र आहे. लाकडी फळीवर, जेमतेम २२.६ × १८.७ सेंमी. चेहरा जवळजवळ सगळा सावलीत, उजेड फक्त गालाच्या कडेवर, कानाच्या पाळीवर आणि मानेवर. त्या चित्रातले केस बघा. गडद रंग ओला असतानाच त्याने कुंचला उलटा धरला आणि दांड्याच्या टोकाने रंगात कुरळ्या रेघा ओढल्या. जिथे टोक फिरलं तिथला रंग निघाला आणि खालचा फिकट थर उघडा पडला. बावीस वर्षांचा मुलगा आहे हा, आणि नुकताच तांब्यावर सुई चालवायला शिकलेला. मेणाचा थर खरवडून खालचं तांबं उघडं करायचं, ही एचिंगचीच रीत त्याने ओल्या रंगात वापरली आहे.

आता पंचवीस वर्षं पुढे या. १६५३ सालचं 'तीन क्रूस'. पत्रा मोठा, साधारण ३८.५ × ४५ सेंमी. यात आम्ल वापरलेलंच नाही, सगळं काम ड्रायपॉइंटच्या सुईने आणि ब्युरिन या कोरणीने थेट तांब्यावर. या पत्र्याच्या रेम्ब्रांटने स्वतः चार अवस्था केल्या. अवस्था म्हणजे पत्र्यात बदल करून पुन्हा काढलेले ठसे. तिसऱ्या अवस्थेवर त्याची सही आणि साल आहे. वरून उजेडाचा झोत पडतोय, खाली गर्दीतला माणूस न् माणूस दिसतोय, गुडघे टेकलेला रोमन शतकाधिपती दिसतोय. चित्र पुरं झालं असं कोणीही म्हणेल. मग त्याने तोच पत्रा पुन्हा घेतला, निम्मी माणसं खरवडून काढली आणि वरपासून खालपर्यंत काळ्या रेघांचा पाऊस पाडला. उजवीकडचा चोर क्रुसासकट अंधारात बुडाला. डावीकडे उंच टोपीचा एक घोडेस्वार आला, जो पिसानेल्लोने केलेल्या एका इटालियन पदकावरून घेतलाय. तिसऱ्या अवस्थेत ख्रिस्ताचं मरण लोक बघत होते. चौथीत ते मरण अंधारात एकटंच उरलं.

हे धाडस कॅनव्हासवर केलं असतं तर खालचं चित्र कायमचं झाकलं गेलं असतं. तांब्यामुळे आपल्याला दोन्ही मिळतात, विचार बदलण्याआधीचा ठसा आणि नंतरचाही.

ज्यांनी प्रत्यक्ष एचिंग केलंय, ज्यांनी ही चित्रं जवळून पाहिलीत, त्यांनी जरूर लिहा.

नवशिकी

ताई, सुंदर लिहिलंय. एक अगदी प्राथमिक प्रश्न. एचिंग, एनग्रेव्हिंग आणि ड्रायपॉइंट यांत माझा कायम गोंधळ होतो. तिन्ही तांब्यावरच ना? मग ठशात फरक कसा ओळखायचा? मी फाउंडेशनला आहे, आम्हाला आतापर्यंत फक्त लिनोकट शिकवलंय.

प्रेसवाला

नवशिकी, तिन्हींत शाई खोलगट रेघेत बसते आणि प्रेसखाली ओला कागद ती उचलून घेतो. लिनोत शाई उंच भागावर लागते, हे बरोबर उलट. फरक आहे तो रेघ कशी पडली त्यात.

एनग्रेव्हिंगमध्ये ब्युरिन नावाची चौकोनी पात्याची कोरणी तळहातात धरून पुढे ढकलतात. तांब्याची बारीक सळई सोलून निघते. हात सरळ पुढेच जातो, वळण हवं असेल तर पत्रा फिरवायचा. म्हणून रेघ शिस्तीची असते, सुरुवातीला निमुळती, मध्ये फुगीर, शेवटी पुन्हा निमुळती. हे शिकायला वर्षं जातात.

एचिंगमध्ये पत्रा कोमट करून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात. हा ग्राउंड. तो धुरावर काळा करतात म्हणजे सुईने काढलेली रेघ तांबूस चमकते. सुईने फक्त ग्राउंड खरवडायचा, तांबं कोरायचं नाही. मग पत्रा आम्लात. उघडं तांबं खाल्लं जातं. जितका वेळ जास्त, तितकी रेघ खोल आणि छपाईत काळी. दूरचे डोंगर फिके हवेत तर तेवढा भाग लवकर बाहेर काढून वार्निशने झाकायचा आणि बाकीचा पुन्हा बुडवायचा.

ग्राउंड कसला आहे यावर हाताची मोकळीक ठरते. जाक कालो हा एचिंगकार कडक वार्निश वापरायचा आणि अब्राहम बॉसने १६४५ साली जे पुस्तक लिहिलं त्यात तीच रीत सविस्तर दिली आहे. हेतू हा की एचिंगची रेघ ब्युरिनच्या रेघेसारखी दिसावी. रेम्ब्रांटचा ग्राउंड मऊ असणार, कारण त्याची सुई बोरूने कागदावर खरडल्यासारखी कुठेही वळते, थबकते, मागे येते. बॉसने आम्लाची एक कृती दिलीय त्यात व्हिनेगर, मीठ, नवसागर आणि जंगाल आहे. हे मिश्रण सावकाश खातं, त्यामुळे रेघ स्वच्छ राहते. आपल्या स्टुडिओंत बहुतेक ठिकाणी झिंकची प्लेट आणि नायट्रिक असतं, ते उकळी आल्यासारखं खातं. रेघेवर बुडबुडे बसतात, ते पिसाने हलवत राहावं लागतं, नाहीतर रेघ दातेरी होते. तांब्याला फेरिक क्लोराइड वापरलंत तर तुम्हाला त्या जुन्या संथ चाव्याची थोडी कल्पना येईल.

आणि ड्रायपॉइंट. यात ग्राउंड नाही, आम्ल नाही. टोकदार सुई जोर देऊन थेट तांब्यात ओढायची. नांगराच्या तासाशेजारी माती वर येते तशी रेघेच्या कडेला तांब्याची दातेरी वरंबी उभी राहते. ही बर. शाई रेघेत बसते त्याहून जास्त या बरमध्ये अडकते आणि ठशात रेघेभोवती मखमली काळेपणा येतो. भिंगाखाली धरलंत तर एनग्रेव्हिंगच्या रेघेची कड सुरीने कापल्यासारखी आणि ड्रायपॉइंटची कड ओल्या कागदावर शाई पसरावी तशी दिसेल. अडचण एकच, प्रेसच्या दाबाने बर चेपत जाते. मोजके ठसे निघाले की मखमल जाते आणि मागे केविलवाणी करडी रेघ राहते. म्हणून 'तीन क्रूस'चा सुरुवातीचा ठसा आणि उशिराचा ठसा शेजारी ठेवले तर एकाच पत्र्याचे वाटत नाहीत.

रेषावळताईंच्या एका वाक्यात भर घालतो. "माणसं खरवडून काढली" हे लिहायला सोपं आहे. तांब्यातली खोल रेघ काढायची तर आधी त्रिधारी स्क्रेपरने तो भाग सोलायचा, मग बर्निशरने तेल लावून घोटायचा. एवढं केल्यावर तिथे खळगा होतो आणि खळग्यात शाई साचते. मग पत्रा उलटा करून मागून हातोडीने ठोकून तो भाग वर आणायचा आणि पुन्हा घोटायचा. निम्मं चित्र पुसायचं म्हणजे किती मनगट मोडून काम केलं असेल याचा विचार करा.

नवशिकी

दादा, हे कुणी इतकं नीट समजावलं नव्हतं. खूप आभार.

कुंचला

धागा छान, पण मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. एचिंगमध्ये रेम्ब्रांट थोर आहेच. पण त्याच्या तैलचित्रांचं मर्म थरांत आहे. आम्हाला शिकवलं होतं की तो आधी करड्या-तपकिरी रंगात सगळं चित्र उभं करायचा आणि मग राळ मिसळलेल्या पारदर्शक रंगाचे वीस-वीस, तीस-तीस थर चढवायचा, त्यातून ती आतून उजळल्यासारखी कातडी येते. रेघेचा त्याच्याशी काय संबंध? रेघ ही व्हर्मीरकडेही नाही आणि रेम्ब्रांटच्या उत्तरायुष्यातल्या चित्रांतही नाही.

कणाद_

कुंचला, तपकिरी रंगात आधी सगळं मांडून घेण्याची गोष्ट खरी आहे, डच कार्यशाळांत ती सर्रास होती. पण राळेचे तीस थर ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली आख्यायिका. लंडनच्या नॅशनल गॅलरीने त्यांच्याकडच्या रेम्ब्रांटचे नमुने तपासले तेव्हा माध्यम म्हणून बहुतांशी साधं जवसाचं तेल निघालं, काही ठिकाणी अक्रोडाचं. पारदर्शक थर आहेत, पण मोजके, जिथे गरज आहे तिथे. तांबड्या वस्त्रावर किरमिजी लाखरंगाचा हात, सावल्यांत तपकिरी.

त्याचा उजेड येतो तो जाड रंगातून, आणि तो रंग म्हणजे शिशाचा सफेदा. हा कसा करत ते वाचण्यासारखं आहे. मातीच्या मडक्यात तळाला व्हिनेगर, वर शिशाच्या पत्र्याच्या गुंडाळ्या. अशी मडकी ओळीने रचून घोड्याच्या लिदीत पुरून ठेवायची. लिदीची ऊब आणि तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड व्हिनेगरच्या वाफेबरोबर शिशावर काम करतो आणि काही आठवड्यांत, महिन्यांत शिशावर पांढरे पापुद्रे धरतात. ते खरवडून, धुऊन, तेलात घोटायचे. या पद्धतीला आजही डच पद्धत म्हणतात. हॉलंडमध्ये दोन प्रती मिळत. एक शुद्ध पापुद्र्यांची महाग, दुसरी खडू मिसळलेली स्वस्त. रेम्ब्रांट दोन्ही वापरायचा. स्वस्त प्रत खालच्या थरांना, शुद्ध प्रत उजेडाच्या जागांना.

२०१९ साली एक महत्त्वाचा शोध लागला. रिक्सम्युझियममधलं मार्टेन सोल्मान्सचं व्यक्तिचित्र, हेगच्या मॉरित्सहाउसमधलं 'सुझाना' आणि पॅरिसच्या लूव्रमधलं 'बथशेबा' या तिन्ही चित्रांतल्या जाड रंगाचे कण सिंक्रोट्रॉन या कण वेगाने फिरवणाऱ्या यंत्राच्या क्ष-किरणांनी तपासले. त्यांत प्लंबोनॅक्राइट नावाचं शिशाचं संयुग सापडलं, जे त्या काळच्या रंगात सहसा मिळत नाही. संशोधकांचा निष्कर्ष असा की रेम्ब्रांट तेलात मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, घालत असणार. त्याने तेल अल्कधर्मी होतं आणि सफेद्याचा लेप लोण्यासारखा घट्ट होतो, ओघळत नाही, जिथे ठेवला तिथे उभा राहतो.

आता "रेघेचा काय संबंध" या प्रश्नाकडे. असा उभा राहणारा रंग हातात असल्यामुळेच त्याला त्यात कोरता आलं. रिक्सम्युझियममधल्या 'ज्यू वधू' या चित्रातल्या पुरुषाची ती सोनेरी बाही बघा, १६६५ नंतरचं काम. तिथे रंग कुंचल्याने सारवलेला नाही. सुरीने थापलाय, खरवडलाय, वरच्या कंगोऱ्यांवर उजेड अडकतो आणि खाचांत गडद पारदर्शक रंग साचलाय. खाचेत गडद आणि माथ्यावर उजेड, ही तर शाई लावलेल्या पत्र्याचीच रचना झाली. त्यामुळे या वादात मी रेषावळताईंच्या बाजूने.

'नाइट वॉच'बद्दलही थोडं. २०१९ पासून त्या चित्राची काचेच्या खोलीत सगळ्यांसमोर तपासणी चालू आहे. कॅनव्हासवर पहिला थर वाळू-माती मिसळलेला आहे, क्वार्ट्झचा. २०२३ मध्ये कळलं की त्याच्याही खाली कॅनव्हासला शिसं असलेल्या तेलाचा हात दिलेला होता, बहुधा दमट भिंतीपासून बचाव म्हणून. आणि २०२४ मध्ये चित्रातल्या लेफ्टनंट रॉयटेनबुर्खच्या सोनेरी भरतकामात आर्सेनिकचे पिवळे आणि नारिंगी रंग सापडले, आपल्या हरताळ-मनशीळ यांच्या कुळातले.

नवशिकी आणि इतर विद्यार्थ्यांसाठी कळकळीने सांगतो. शिशाचा सफेदा, मुर्दाडशिंग, मनशीळ यांपैकी काहीही पूड स्वरूपात घरी घोटू नका. जुन्या कृती वाचायच्या, करून बघायच्या नाहीत. टायटॅनियम व्हाइट आणि घट्ट माध्यम घेऊन हाताची सवय होते, तेवढं पुरे.

कुंचला

कणाद, बाहीचं उदाहरण पटलं. उजेड माथ्यावर आणि गडद खाचेत, हे मी त्या दृष्टीने पाहिलंच नव्हतं. आज रात्री मोठ्या रेझोल्यूशनमध्ये बघतो.

हेगकर

मी हेगमध्ये राहतो, मॉरित्सहाउस घराजवळ आहे. वर व्हर्मीरचा उल्लेख आला म्हणून लिहितो. त्याची पद्धत रेम्ब्रांटच्या दुसऱ्या टोकाची. त्याने एचिंग केल्याचं एकही उदाहरण नाही. मोतीवाल्या मुलीची २०१८ मध्ये संग्रहालयातच तपासणी झाली. मागची काळी भिंत मुळात हिरवा चकाकता पडदा होता, नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिरंगाचा पारदर्शक थर काळ्यावर दिलेला, तो काळाच्या ओघात उडाला. पापण्यांचे केस आहेत, पण साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. मोती म्हणजे पांढऱ्याचे दोन हात, वर उजेडाचा आणि खाली कॉलरच्या प्रतिबिंबाचा. अडकवायला कडीसुद्धा रंगवलेली नाही. आणि निळा तो अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा, तोही सढळ हाताने. व्हर्मीरची गंमत डोळ्यांची आहे, रेम्ब्रांटची मनगटाची.

पण मला एका वेगळ्याच एचिंगबद्दल सांगायचंय. १६५० सालचा 'शंख'. रेम्ब्रांटने केलेलं हे एकमेव वस्तुचित्र एचिंग. कोनस मार्मोरेयस, हिंदी महासागर आणि पॅसिफिकमधला, काळ्यावर पांढरे ठिपके असलेला. डच जहाजांतून असे शंख यायचे आणि हौशी संग्राहक ते भरपूर पैसे मोजून घ्यायचे. रेम्ब्रांटही त्यातलाच. आता पत्र्यावर जे काढाल ते ठशात उलटं येतं. रेम्ब्रांटने सही नीट उलटी कोरली, ठशात ती सुलटी वाचता येते. शंख मात्र समोर जसा दिसत होता तसाच काढला, त्यामुळे छापील शंखाचं वेटोळं निसर्गात असतं त्याच्या विरुद्ध दिशेला फिरतं. पहिल्या अवस्थेत पार्श्वभूमी कोरी आहे. दुसरीत त्याने मागे गडद रेघांची जाळी टाकली आणि शंखाला एकदम वजन आलं. लहानसं काम आहे, पण दोन्ही अवस्था एकत्र पाहिल्या की पार्श्वभूमी म्हणजे काय हे कळतं.

कोणी ॲमस्टरडॅमला येणार असेल तर रेम्ब्रांटच्या घराला जरूर भेट द्या. १६३९ मध्ये त्याने हे घर १३,००० गिल्डरला घेतलं आणि त्याच्याच कर्जापायी १६५६ मध्ये दिवाळं निघालं. तिथे एचिंगचं प्रात्यक्षिक दाखवतात. प्रेसचा चाक-दांडा फिरताना बघितला की 'प्रेसवाला' काय म्हणतायत ते अंगाला कळतं.

रेषावळ

सगळ्यांचे मनापासून आभार, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी पुढे गेलाय.

हेगकर, दिवाळ्याचा विषय काढलात म्हणून. त्या वेळी घरातल्या वस्तूंची जी यादी झाली त्यात हर्क्युलीस सेगर्सची आठ चित्रं आहेत. सेगर्स हा रेम्ब्रांटच्या आधीच्या पिढीतला, आणि माझ्या मते एचिंगच्या इतिहासातला सगळ्यात एकाकी प्रयोगशील माणूस. तो रंगीत शाईने छापायचा, आधी रंगवलेल्या कागदावर छापायचा, कापडावरसुद्धा छापायचा, मग ठशावर कुंचल्याने रंग द्यायचा आणि कडा हव्या तशा कापायचा. एका पत्र्याचे दोन ठसे सारखे निघू नयेत अशीच जणू त्याची इच्छा. साखर मिसळलेल्या द्रवाने पत्र्यावर कुंचल्याने रंगवून तो भाग नंतर उघडा करण्याची युक्ती त्याने वापरली, जी पुढे शंभर-दीडशे वर्षं कोणी फारशी हाताळली नाही. त्याचे दगडी, ओसाड डोंगर डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

सेगर्सच्या मृत्यूनंतर त्याचा एक पत्रा रेम्ब्रांटच्या हाती आला. 'टोबायस आणि देवदूत', दोन मोठ्या आकृती एका विस्तीर्ण भूदृश्यात चालल्यात. १६५३ च्या सुमाराला रेम्ब्रांटने उजव्या बाजूच्या त्या दोन्ही आकृती खरवडल्या आणि त्यांच्या जागी मेरी, जोसेफ, बाळ आणि गाढव असे इजिप्तकडे निघालेले छोटे छोटे लोक आणले. बाकीचं भूदृश्य जवळजवळ सगळं सेगर्सचं ठेवलं. देवदूताच्या पंखाचा माग मात्र पुरता गेला नाही. त्याने त्यावर ड्रायपॉइंटने दाट झाडी काढली, आणि नीट पाहिलं तर पानांच्या आत मोठ्या पंखाच्या पिसांची वळणं अजून दिसतात. दुसऱ्या कलावंताचा पत्रा घेऊन त्याला पुरतं न पुसता त्यावर आपलं काम करणं, यात मला मोठा आदर दिसतो. रेम्ब्रांटने सेगर्सकडून घेतली ती हीच गोष्ट, प्रत्येक ठसा वेगळा असू शकतो. १६५४ च्या सुमाराच्या 'दफन' या एचिंगच्या काही ठशांत पत्र्यावर इतकी शाई मुद्दाम ठेवलीय की थडग्याजवळची माणसं जेमतेम दिसतात, आणि काहींत पत्रा पुसून स्वच्छ केलाय.

प्रेसवाला

त्यालाच आम्ही प्लेट टोन म्हणतो. शाई भरल्यावर कांजी केलेल्या जाळीच्या कापडाने पत्रा पुसतात, शेवटी तळहाताला खडूची पूड लावून हाताने. पुसणं जिथे थांबवाल तिथे रात्र. रेघेविना सावली देण्याचा हा मार्ग, आणि तो दर ठशाला नव्याने करावा लागतो. ताई, "तांब्यावर रंगवत होता" हे तुमचं म्हणणं इथे अक्षरशः खरं आहे.

दख्खनवाटा

मी इतिहासाच्या अंगाने भर घालतो. रेम्ब्रांट साधारण १६४७ पासून बऱ्याच ठशांसाठी जपानी कागद वापरू लागला. डच ईस्ट इंडिया कंपनी नागासाकीजवळच्या देशिमा बेटावरून तो आणायची. मऊ, किंचित पिवळसर, रेशमी चकाकी असलेला कागद. ड्रायपॉइंटला उत्तम, कारण कमी दाबात शाई उचलतो आणि बर जास्त टिकते. 'तीन क्रूस'चे काही ठसे तर त्याने वेलमवर, म्हणजे कमावलेल्या कातड्यावर काढलेत.

त्याच कागदावर त्याने आणखी एक काम केलं जे आपल्या जास्त जवळचं आहे. १६५६ ते १६६१ या काळात त्याने मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटनं केली. जहांगीर, शाहजहान, दारा शुकोह, उंटस्वार, मुल्ला. एरवी धिटाईने रेघ ओढणाऱ्या माणसाने इथे मात्र पातळ, जपून ओढलेली रेघ वापरलीय, समोरच्या कारागिराचा मान राखून. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यातलं झाडाखाली बसलेल्या चार मुल्लांचं रेखाटन आहे. त्यातली बैठक त्याने १६५६ च्या 'अब्राहम देवदूतांचा पाहुणचार करतो' या एचिंगमध्ये वापरली. बायबलातले पाहुणे खुर्चीवर नाहीत, आपल्यासारखे जमिनीवर अंथरलेल्या गालिच्यावर बसलेत. व्हिएन्नाच्या शोनब्रून राजवाड्यातल्या एका दालनात भिंतींवर मुघल लघुचित्रं बसवलीत, त्यातल्या काहींचं या रेखाटनांशी साम्य आहे.

आणि महाराष्ट्राशी दुवा हवा असेल तर तोही आहे. १६३७ पासून वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, तिचे अवशेष आजही तिथे उभे आहेत. ॲमस्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन याच्या संग्रहात १६८६ च्या सुमाराला गोवळकोंड्यात तयार झालेला ४९ भारतीय व्यक्तिचित्रांचा एक संच होता, तो आज रिक्सम्युझियममध्ये आहे. त्यात शिवाजी महाराजांचं चित्र आहे. म्हणजे रेम्ब्रांटने ज्या प्रकारची चित्रं डोळ्यांसमोर ठेवून हात चालवला, त्याच प्रवाहातून महाराजांचं चित्रही त्याच शहरात पोचलं.

नवशिकी

मुल्लांचं रेखाटन आणि ते एचिंग आत्ता शेजारी उघडून पाहिलं. अब्राहम समोर खाली वाकलाय आणि पाहुणे निवांत बसलेत. अंगावर काटा आला.

शेवटचा प्रश्न. ऑनलाइन लिलावात "रेम्ब्रांटचं ओरिजिनल एचिंग" म्हणून बऱ्यापैकी कमी किमतीत ठसे दिसतात. आमच्या ओळखीचे एक काका घ्यायच्या विचारात आहेत. ते खरे असतात का?

प्रेसवाला

पत्रा रेम्ब्रांटचा असू शकतो, ठसा त्याचा असेलच असं नाही. त्याचे ८० च्या आसपास पत्रे आजही टिकून आहेत. अठराव्या शतकात पॅरिसच्या बाझाँ घराण्याने त्यातले बरेच मिळवले आणि झिजलेल्या रेघा पुन्हा गडद करून त्यांचे ठसे विकले. पुढेही हे चालूच राहिलं. 'शंभर गिल्डर' या त्याच्या प्रसिद्ध एचिंगचा पत्रा इंग्लंडमध्ये कॅप्टन बेली नावाच्या माणसाने १७७५ च्या सुमाराला विकत घेतला, स्वतःच्या हाताने सुधारला, ठसे काढले आणि शेवटी त्याचे चार तुकडे केले. जो मूळ पत्रा एका बाजूला निव्वळ बाह्यरेषांवर आणि दुसऱ्या बाजूला गडद मखमलीवर तोललेला होता, त्याची ही गत. मला अजून त्याचा राग येतो.

काकांना सांगा की कागद उजेडासमोर धरून पाहायला मागा, निदान तसा फोटो मागवा. रेम्ब्रांटच्या काळच्या युरोपीय कागदात साच्याच्या तारांच्या उभ्या-आडव्या खुणा दिसतात, आणि कधी जलचिन्ह दिसतं, उदाहरणार्थ विदूषकाची टोपी किंवा ॲमस्टरडॅमचं बोधचिन्ह. तारांच्या खुणा नसलेला एकसंध कागद अठराव्या शतकाच्या मध्यानंतरचा. जपानी कागदाची गोष्ट वेगळी, त्याला जाणकार लागतो. मग भिंग घेऊन सावलीचे भाग बघा. जिथे दाट जाळी असायला हवी तिथे रेघा करड्या, सपाट, एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या तर उशिराचा ठसा. ठसा कोणत्या अवस्थेचा हे विक्रेत्याला सांगता आलं नाही तर पुढे बोलूच नका. बाझाँचे ठसे वाईट नसतात, अभ्यासाला चालतात, पण किंमत त्या मानाने द्यावी.

रेषावळ

आणि पैसे न खर्चता बघायचं असेल तर रिक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर हे ठसे मोठ्या आकारात मोफत उतरवून घेता येतात. नवशिकी, 'तीन क्रूस'ची तिसरी आणि चौथी अवस्था दोन खिडक्यांत उघड आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात कर. कोण राहिलं, कोण गेलं याची यादी करून इथे टाक, मग आपण 'जनतेसमोर ख्रिस्त' घेऊ. १६५५ चं, आठ अवस्थांचं. त्यात त्याने पुढची सगळी गर्दी काढून टाकून तिथे दोन काळ्या कमानी उघडल्यात, आणि त्या का, यावर माझं आणि प्रेसवाल्यांचं एकमत होईल असं वाटत नाही.